पहिल्या सेकंदाचा श्वास

मीत रिहान गावच्या कापड गिरणीत इन्शिराहचा आवाज ओळखत नाही असा माणूस नव्हता. बाई दिसायला एवढीशी, हाडापेरानं बारीक. घरी बोलली तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायचं नाही. पण गिरणीच्या दवाखान्यात, त्या हिरव्या पडद्याआड एकदा का कामगार खुर्चीत बसला, त्याच्या नाकाला चिमटा लागला आणि तोंडात पुठ्ठ्याची नळी गेली, की तिच्या अंगात काहीतरी संचारायचं.

"घे, घे, घे, छाती भरून घे... आता सोड! जोरात! फुंक, फुंक, थांबू नको, अजून आहे आत, मला दिसतंय, फुंक रे माझ्या राजा, फुंक!"

बाहेर रांगेत उभे असलेले पोट धरून हसायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणी गरम चहावर फुंकर घातली, की दुसरा लगेच बारीक आवाजात ओरडायचा, "थांबू नको, अजून आहे आत!" इन्शिराहच्या कानावर ते यायचं. ती मनावर घेत नसे. अर्धवट फुंकलेली फुंकर म्हणजे खोटा कागद, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. माणसाला शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढल्याशिवाय त्याची छाती खरं बोलत नाही.

ते यंत्र गिरणीत आलं अठ्ठ्याहत्तर साली. लोखंडी पेटी, पोटात भाता. नळीत फुंकलं की भाता फुगायचा आणि वरची लेखणी सरकत्या कागदावर रेघ ओढायची. कामगारांनी यंत्राचं नावच भाता ठेवलं. निरोगी माणसाची रेघ ताडकन वर चढते आणि मग सपाट होते. छातीतली बहुतेक हवा त्यानं पहिल्याच सेकंदात बाहेर टाकलेली असते. ज्याच्या श्वासाच्या नळ्या आतून आवळल्यात, त्याची रेघ तिरकी, रेंगाळत, चढ चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. हवा आत असते, पण निघायला वाट नसते. डोळे बाहेर येईपर्यंत बिचारा फुंकत राहतो आणि लेखणी केसाएवढी सरकते. दर शनिवारी तांता शहराहून येणारे डॉक्टर वगीह कागद हातात घेताना एकच विचारायचे, "बाकी राहू दे. पहिल्या सेकंदात किती?"

सगळ्यात वाईट रेघा पिंजण खात्यातल्या. तिथं कापूस फुटतो, झडतो, आणि त्याची धूळ पिठासारखी हवेत तरंगत राहते. शुक्रवारची सुट्टी खाऊन शनिवारी माणूस कामावर आला, की दुपारपर्यंत छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. मंगळवार-बुधवारपर्यंत ते जरा सैल पडायचं, म्हणून सगळे त्याला 'शनिवारची छाती' म्हणत आणि हसण्यावारी नेत. वर्षं जात तशी छाती शनिवारची राहत नसे, सगळ्या वारांची होई. म्हणून तपासणी शनिवारीच असायची. पाळी सुरू होण्याआधी, सुट्टीत मोकळी झालेली छातीही किती उरलीय ते बघायला.

इतक्या रेघा पाहून पाहून इन्शिराहला माणसाची रेघ त्याच्या अक्षरासारखी ओळखू यायला लागली होती. कुणी सुरुवातीलाच अडखळायचा, कुणाची लेखणी मध्येच थरथरायची. नाव झाकून कागद पुढे टाकला तरी हा कुणाचा ते ती सांगायची. डॉक्टरांनी दोनदा पैज लावली आणि दोनदा हरले.

तिचा थोरला भाऊ बयूमी त्याच पिंजण खात्यात मुकादम होता. बाप काविळीनं गेला तेव्हा तो चौदाचा, ती चारची. तो तेव्हाच गिरणीत लागला. ती सोळाची झाल्यावर मामानं तिच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा बयूमीनं मामाला दारातूनच परत पाठवलं. तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि नर्सिंगच्या शाळेत तिला स्वतः नेऊन घातलं. वाटेत म्हणाला, "घरात कापसानं पांढरा झालेला एक माणूस पुरे. तू डगल्यानं पांढरी हो." पुढं तिचा साखरपुडा ठरला आणि मोडला. परत जुळला नाही. ती भावाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहू लागली. खाली बयूमी, त्याची बायको सनिया आणि मुलगी इब्तिसाम. चूल एकच. सनिया मुलुखियाची पालेभाजी करायची तेव्हा लसणाची फोडणी चुरचुरली, की इन्शिराह हाकेची वाट न बघता जिना उतरायची.

ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला गावात बोललं जाऊ लागलं, की बयूमी मुकादम फार मायाळू झाला. आधी मान खाली घालून ताडताड चालायचा, आता दर चार दुकानांना थांबतो, सलाम करतो, मुलाबाळांची चौकशी करतो. इन्शिराह त्याच्या बरोबरीनं चालायची आणि तिला दिसायचं, की चौकशी करून झाल्यावर समोरचा उत्तर देतो ना, तेवढ्या वेळात बयूमी श्वास गोळा करतो. शनिवारी पहाटे जमिनीखालून त्याचा खोकला तिच्या बिछान्यापर्यंत यायचा.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात गिरणीनं नोटीस लावली. तपासणीतून आजवर सुटलेल्या मुकादमांनाही आता भात्यावर बसावं लागणार होतं. पिंजण खात्यात ज्याचा पहिला सेकंद लागोपाठ दोनदा ठरवून दिलेल्या किमान रेघेखाली जाईल, त्याला खात्याबाहेर काढून गेटवर किंवा गोदामात बसवणार. माणसाच्या भल्याचीच गोष्ट होती. पण धुळीच्या खात्याला रोज दुधाची बाटली मिळायची, भत्ता मिळायचा, दोन्ही जाणार. आणि गेटवर बसवलेल्याला मागून म्हणायचे, 'फुटका भाता'.

त्या शुक्रवारी दुपारी बयूमी गच्चीवर आला. इन्शिराह कपडे वाळत घालत होती. तो कठड्याला टेकून बराच वेळ नुसता उभा राहिला. वर चढून आल्याचा दम बसेपर्यंत त्याला बोलताच येत नव्हतं.

"शोशो," तो म्हणाला, "तो कागद तूच लिहितेस ना?"

"कागद लेखणी लिहिते, दादा. मी फक्त नाव घालते."

"मग माझं नाव दुसऱ्या कुणाच्या कागदावर घाल."

तिच्या हातातला पिळलेला कपडा तसाच राहिला. "दादा, छाती बिघडली असेल तर नीघ की बाहेर. गेटवर बस, चहा पी. कोण हसणार आहे?"

"सगळे." तो हसला. "मी स्वतः हसलोय लोकांना. आणि गेटवरच्या फुटक्या भात्याची पोर कोण करून घेणार? म्हणतील, रक्तातच दमा आहे. इब्तिसाम बारा वर्षांची झाली. आणि माझी चाळीस माणसं कुणाच्या हवाली करू? त्या हमदीच्या? त्याला पट्टा कुठला न् पायजम्याची नाडी कुठली, ते कळत नाही."

"मी नाही लिहिणार, दादा."

"बरं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. सोळा पायऱ्या. मध्ये तीनदा थांबला, ते तिनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्याआड बसली होती. पिंजण खात्याची रांग चालू होती. पुढचा माणूस आत आला, खुर्चीत बसला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. कार्डावर नाव बयूमी अब्द-अस-समद. खुर्चीत बसला होता गाठींच्या गोदामातला शहात.

शहातला सगळं गाव ओळखत होतं. आधीची चार लेकरं गेली म्हणून आईनं त्याचं नाव शहात ठेवलं. शहात म्हणजे भिकारी. भिकाऱ्याच्या पोराला कुणाची दृष्ट लागणार? दृष्ट लागली नाही. तो पाठीवर गाठी वाहायचा आणि उन्हाळ्यात कालव्यात बुडी मारून एका पुलाखालून शिरायचा, तो पुढच्या पुलापाशी वर यायचा. बयूमीचा जिवलग.

"काय बघतेस, हकीमा?" शहात म्हणाला. नर्सबाईला गिरणीत सगळे हकीमाच म्हणत. "सख्खा भाऊ ओळखू येईना? उंची जरा कमी झालीय, काळजीनं."

पडद्याच्या फटीतून तिला बयूमी दिसला. हात धुवायच्या नळापाशी, पाठ करून, दोन्ही हात पुढे धरून उभा होता. नळ बंद होता.

पुढं कित्येक वर्षं तिनं हा क्षण मनात उलटून पालटून पाहिला. कार्ड उचलून बाहेर फेकता आलं असतं. डॉक्टरांना हाक मारता आली असती, ते चार पावलांवर बसले होते. नुसतं 'ऊठ' म्हटलं असतं तरी शहात उठला असता, कारण त्याच्या चेष्टेच्या आड त्याचे कान लाल झाले होते. तिनं चिमटा उचलला आणि त्याच्या नाकाला लावला.

"घे, छाती भरून घे," ती ओरडली. नेहमीपेक्षा जास्तच ओरडली.

भाता असा उघडला, की लेखणी कागदाच्या कडेला जाऊन टेकली. दुपारी डॉक्टर वगीहांनी त्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "तुझ्या भावाला घोडीच्या दुधावर वाढवलंय की काय?"

"आईनं वाढवलं," इन्शिराह म्हणाली.

वर्षातून दोनदा तपासणी. अशी चार वर्षं. एकूण आठ कागद.

ही गोष्ट झाकून राहणार नव्हती. त्याच शरद ऋतूत शहात दुसरं एक कार्ड घेऊन आला. या वेळी बरोबर कार्डाचा मालकही होता. अतवा नावाचा, पिंजणाच्या तिसऱ्या यंत्रावरचा, लांब मानेचा माणूस. त्याचा पहिला सेकंद एकदा रेघेखाली गेला होता.

"एकदाच, हकीमा," अतवा हात जोडून म्हणाला. "माझी अजून दोन पोरं शाळेत आहेत."

"तू बस खुर्चीत," ती म्हणाली. "शहात, तू बाहेर जा."

"मुकादमासाठी चालतं ते मला का नाही?"

तिनं नवी नळी त्याच्यापुढे धरली.

"अस्सं. तो भाऊ. आणि मी कापूस होय?"

तो बसला, फुंकला, आणि रेघेखाली गेला. महिन्याभरात गेटवर बसला. दवाखान्यात येता-जाता इन्शिराहला रोज त्याच्या समोरून जावं लागे. तो तिच्याकडे बघत जमिनीवर थुंकायचा. तिला तेव्हा वाटायचं, एक पाप रक्ताच्या नात्यासाठी केलं, दुसरं नाही केलं, एवढा तरी आपला प्रामाणिकपणा शिल्लक आहे.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत डॉक्टर वगीहांनी दहा वर्षांचे कागद टेबलावर पसरले. त्यांना धुळीच्या छातीवर काहीतरी लिहायचं होतं. कागद लावता लावता ते थांबले.

"इन्शिराह, हे बघ. बत्तीस वर्षं पिंजण खात्यात, वर हुक्का ओढतो, आणि रेघेला धक्का नाही! उलट गेल्या वर्षी वाढलीय. असा दुसरा माणूस नाही या गिरणीत. तुझ्या भावाच्या छातीत असं काय आहे, जे बाकीच्यांकडे नाही?"

तिचे हात डगल्याच्या खिशात होते, ते तिनं तिथंच ठेवले.

"त्याला तांत्याला घेऊन ये. तिथं नवीन यंत्र आहे. नीट तपासतो. माझे विद्यार्थीही बघतील."

"तो कामात असतो, डॉक्टर."

"मी मॅनेजरशी बोलतो."

मॅनेजरला तर अभिमानच वाटला. आपल्या गिरणीतला माणूस मोठ्या दवाखान्यात दाखवायला नेणार! त्यानं दोन दिवसांची सुट्टी दिली आणि बयूमीच्या पाठीवर थाप मारली. ती थाप बसताच बयूमीला आलेली ढास पाच मिनिटं थांबली नाही. मॅनेजर म्हणाला, सर्दी झालीय वाटतं.

त्या संध्याकाळी इन्शिराह खाली गेली. "दादा, मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकते. तू येऊ नको."

बयूमी उशीला टेकून बसला होता. त्याला आडवं झोपणं बंद होऊन वर्ष झालं होतं. सनियाला तो सांगायचा, पाठ दुखते.

"नको," तो म्हणाला. "जाऊ या. मला आता... बघू दे किती उरलंय."

मोठ्या दवाखान्याचा तो विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. बयूमी पाच वेळा थांबला. सलाम करायला जिन्यावर कुणी ओळखीचं नव्हतं. तो नुसताच कठडा धरून उभा राहायचा आणि इन्शिराह एक पायरी खाली उभी राहायची.

डॉक्टर वगीहांनी दार उघडलं. त्यांनी ओठ निळसर पडलेला, खांदे कानांपर्यंत उचललेला माणूस पाहिला आणि त्याच्या मागं बघितलं. "बयूमी कुठाय?"

"मीच, डॉक्टर."

डॉक्टरांनी खोलीतल्या विद्यार्थ्यांना बाहेर जायला सांगितलं.

यंत्रावर एक तरुण मुलगी होती, नवीन, गोड आवाजाची. "फुंका हं, काका," ती म्हणाली. बयूमीनं फुंकलं आणि मध्येच सोडून दिलं. दुसऱ्यांदाही तसंच. डॉक्टर म्हणाले, "असं नाही चालणार. इन्शिराह, तू सांग त्याला."

दहा वर्षं तिनं शेकडो माणसांना ओरडून फुंकायला लावलं होतं. सख्ख्या भावासमोर ती पहिल्यांदाच उभी राहिली. तिनं त्याच्या नाकाला चिमटा लावला. त्याचं नाक थंड होतं.

"घे, दादा, छाती भरून घे... सोड! फुंक, दादा, फुंक. थांबू नको. अजून आहे आत. फुंक, माझ्या राजा, फुंक..."

तो फुंकत राहिला. मानेच्या शिरा दोरीसारख्या झाल्या. दहा सेकंद झाले, बारा झाले, रेघ सरपटतच होती. पहिल्या सेकंदात एक लिटरसुद्धा नाही. नऊशे मिलिलीटर. त्याच्या उंचीच्या आणि वयाच्या माणसाला साडेतीन लिटर हवेत. मग डॉक्टरांनी त्याला फवारा दिला, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दमा असेल तर फवाऱ्यानं नळ्या उघडतात, आकडा वर जातो. साडेनऊशे झाला. म्हणजे नळ्या आता उघडणाऱ्या राहिल्या नव्हत्या.

बयूमीला बाहेर बाकावर बसवून डॉक्टरांनी पिशवीतून गिरणीचे कागद काढले. बयूमीच्या नावाचा शेवटचा कागद त्यांनी खिडकीच्या काचेवर धरला.

"कोण आहे हा?"

"शहात. गोदामातला."

त्यांनी शहातचा स्वतःचा कागद शोधला आणि पहिल्यावर ठेवला. उजेडात दोन रेघा एक झाल्या. सुरुवातीला लेखणी जराशी अडायची, तीही तिथंच अडली होती.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

डॉक्टर खुर्चीत बसले. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला चार वर्षांपूर्वीचा याचा आकडा हवा होता," ते म्हणाले. "म्हणजे किती वेगानं उतरतंय ते कळलं असतं. तेव्हाच धुळीतून काढला असता, तर काय उरलं असतं तेही सांगता आलं असतं."

"किती उरलं असतं, डॉक्टर?"

"ते कागदावरून कळतं, इन्शिराह. कागदच नाही." कागद पुढ्यात ओढून ते म्हणाले, "सह्या माझ्या आहेत. आठही. मी एकदाही मान वर करून बघितलं नाही, खुर्चीत कोण होतं."

बयूमी पुन्हा पिंजण खात्यात गेला नाही. इन्शिराहला वाटत होतं, आपल्याला काढून टाकतील, निदान चौकशी बसेल. तिच्या हातात पडलं ते दोन ओळींचं पत्र, नोंदी ठेवण्यात हलगर्जी झाल्याची समज. तिनं ते घडी करून पेटीत ठेवलं. इतकी छोटी शिक्षा कुठं ठेवावी, हे तिला कळेना.

सनियाला एवढंच सांगितलं गेलं, की छाती अचानक बिघडली.

पुढची तीन वर्षं बयूमी दारातल्या लाकडी बाकावर बसून होता. इन्शिराहनं त्याला शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून हळू श्वास सोडायला शिकवलं. तो तसं करायला लागला की मुलं थबकायची, काका शिट्टी वाजवतोय पण आवाज का येत नाही म्हणून. त्यालाही हसू यायचं, पण हसणं परवडत नसे. शहात दर शुक्रवारी यायचा, त्याला पाठीवर घेऊन मशिदीत न्यायचा आणि परत आणून बाकावर ठेवायचा. पूर्वी दोघं भेटले की गल्ली दणाणायची. आता शहात जमिनीकडे बघत बसायचा. "काहीतरी बोल की गाढवा," बयूमी तुटक तुटक म्हणायचा, "माझा दम... गेलाय... तुझा... नाही."

एका दुपारी वाळवंटाकडचा तापलेला वारा सुटला होता. आभाळ पिवळं झालं होतं. सनिया दारं-खिडक्यांना ओली फडकी लावत होती. इन्शिराह भावाच्या पाठीमागं उशी सारखी करत होती. त्यानं तिचं मनगट धरलं.

"तू... वाचत होतीस," तो म्हणाला. "कागद. मला काय... कळत होतं? मी पिंजणारा. तुला... ठाऊक होतं... काय होणार. तू का... दिलंस... त्याला फुंकायला?"

हे वाक्य पूर्ण व्हायला दोन-तीन मिनिटं लागली. प्रत्येक तुकड्यानंतर तो ओठ शिट्टीसारखे करून थांबायचा आणि ती पुढच्या तुकड्याची वाट बघत उभी राहायची. तूच पाठवलंस ना त्याला, दादा? गच्चीवर कोण आलं होतं? हे सगळं तिच्या जिभेवर आलं. एवढा श्वास खर्चून त्यानं विचारलं होतं. आपल्याकडे तर हवा तितका श्वास आहे, या विचारानंच तिला बोलवेना.

"चुकले, दादा," ती म्हणाली.

त्यानं मनगट सोडलं. चहा मागितला. पुन्हा तो विषय काढला नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही.

एक्क्याण्णव साली, रमजान ईद होऊन आठ दिवस झाले होते, सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. सनिया त्याला चमच्यानं दही भरवत होती. इन्शिराह दवाखान्यात पडद्याआड कुणालातरी "फुंक, फुंक" म्हणून ओरडत होती. कारकून आला आणि पडद्याबाहेर उभा राहिला. तिचं ओरडणं संपेपर्यंत थांबला. मग त्यानं नुसतं तिचं नाव घेतलं.

तिसऱ्या दिवशी पुरुष बाहेर मांडवात बसले होते. बायका आत. शहात सरळ बायकांच्या दारापर्यंत आला आणि उंबऱ्यापाशी खाली बसला. एवढा धिप्पाड माणूस, लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"वहिनी," तो म्हणाला, "त्याला मी मारलं. त्याच्या नावानं मी फुंकलो. आठ वेळा फुंकलो. तो धुळीत राहिला माझ्यामुळं."

बायकांना काही उमगेना. सनियाला हळूहळू उमगलं. चार वर्षं, दर सहा महिन्यांनी नवरा घरी येऊन म्हणायचा, 'माझी छाती घोड्याची आहे, डॉक्टरच म्हणाला,' आणि ती अल्लाचे आभार मानायची. तिनं वळून नणंदेकडे पाहिलं.

"भात्यावर तू असतेस," सनिया म्हणाली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"चार वर्षं माझ्या ताटात जेवलीस तू. आणि मी तुला मटणाचा चांगला तुकडा काढून ठेवत होते."

वरच्या आणि खालच्या मजल्यामधलं दार त्या दिवशी बंद झालं. इन्शिराह मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करू लागली. वर तिनं एक छोटा स्टोव्ह आणला. खाली लसूण तळल्याचा वास यायचा, इब्तिसामचं बोलणं ऐकू यायचं, मग कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज. खोकला नव्हता. शनिवारी पहाटे ती तरीही जागी व्हायची.

गिरणीत ती आता आधी चेहरा पाहायची, मग कार्ड. आवाज मात्र बसला होता. पडद्याआडून हळू बोलणं ऐकू यायचं, 'सोड... सोड...' रांगेतले हसायचे थांबले. महिन्याभरानं डॉक्टर वगीह कागद घेऊन तिच्याकडे आले. "सगळ्यांचे आकडे खाली गेलेत. धूळ वाढली नाहीय, तू ओरडत नाहीस. चांगल्या माणसांना आजारी ठरवशील अशानं." पुढच्या शनिवारी ती पुन्हा ओरडू लागली. घशातून आवाज काढायला तिला काय पडत होतं, ते तिलाच ठाऊक.

त्याच दिवसांत गेटवर अतवा एकदा खुर्चीतून उठून उभा राहिला. केस पांढरे झाले होते, चालताना धापा टाकायचा, पण चालत होता.

"हकीमा," तो म्हणाला, "मी तुला फार शिव्या दिल्या."

"मग अजून दे," ती म्हणाली आणि पुढं निघून गेली. दवाखान्यात शिरून तिनं दार लावून घेतलं. ज्याला तिनं हाकललं होतं तो गेटवर चहा पीत होता.

चौदा महिने झाले. जूनमधल्या एका सकाळी आतल्या जिन्याच्या दाराची कडी वाजली. दारात सनिया. हातात पितळी परात, परातीत द्राक्षाच्या पानांची चळत.

"उद्या इब्तिसामला बघून गेलेली माणसं साखरपुड्याला यायचीत," ती म्हणाली. आत आली नाही.

"अल्ला तिला सुखी ठेवो."

"मी तुला माफ केलेलं नाही."

"हो."

"करीन असंही नाही."

"हो, सनिया."

"पण मुलीच्या बापाकडचं कोण, असं ते विचारतील. तुझ्याशिवाय कुणी नाही. पोरगी सकाळपासून आत्या, आत्या करतेय." सनियानं परात दुसऱ्या कडेवर घेतली. "आणि अडीचशे पानं भरायचीत. माझ्या एकटीच्यानं नाही होत."

इन्शिराहनं तोंड धुतलं, डोक्याला रुमाल बांधला आणि तिच्यामागून खाली गेली. स्वयंपाकघरात जमिनीवर चटई होती. दोघी समोरासमोर बसल्या. इब्तिसाम येऊन आत्याच्या पाठीला गच्च बिलगली, मग कुणीतरी हाक मारली म्हणून पळाली. संध्याकाळपर्यंत दोघी पानं भरत राहिल्या. देठ खुडायचा, चमचाभर तांदूळ, दोन्ही कडा आत, मग वळकटी. बोलणं फारसं झालं नाही. इन्शिराहच्या बाजूचं मीठ संपलं तेव्हा सनियानं न बघता बरणी तिच्याकडे सरकवली.

साखरपुडा झाला, पुढं लग्नही झालं. आतल्या जिन्याचं दार पुन्हा कधी बंद झालं नाही. फक्त सनिया पूर्वी तिला 'शोशो' म्हणायची, बयूमीसारखं. ती हाक तिनं नंतर कधीच मारली नाही.